ग्रंथालय, बरं का

औषधाच्या दुकानातल्या त्या गृहस्थाला सगळा रस्ता 'चिठ्ठी' म्हणायचा. अर्थात त्याच्या पाठीमागे. काउंटरवर कितीही ओळखीचा माणूस येऊन कळवळला तरी याचं उत्तर ठरलेलं असे, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. एकदा समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर स्वतःच दाढ धरून आले होते, तर त्यांनाही त्याने आधी काउंटरवर बसून चिठ्ठी लिहायला लावली आणि तारीख राहिली म्हणून ती परत केली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की हाच माणूस दुकानातल्या संगणकावर विश्वकोशाचं काम करी. इंटरनेटवरचा हा विश्वकोश कुणीही लिहावा आणि कुणीही खोडावा असा, अट एकच. जे लिहाल ते कुठल्या पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात आलंय ते खाली तळटिपेत सांगायचं. न सांगता लिहिलेलं वाक्य दिसलं की चिठ्ठी त्याच्यापुढे कंसात दोन शब्द डकवायचा, 'संदर्भ हवा'. ते डकवताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो त्याच्या बायकोच्या मते लग्नाच्या दिवशीही दिसला नव्हता.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर 'आता नीट दिसतंय का?' हे विचारून विचारून घरीही तिचा तोच सूर लागे. औषधाच्या दुकानावरच त्यांचं घर होतं, आणि घरात तिसरं माणूस म्हणजे तिची आई, म्हणजे आपल्या चिठ्ठीच्या सासूबाई. बाई गोड, आवाज त्याहून गोड, आणि तोंडी एकच पालुपद. दूध वर येतंय, बरं का. दार नीट लोटून घे, बरं का. भांडणाच्या वेळी तर त्या जास्तच 'बरं का' म्हणायच्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडण धड उभंच राहत नसे.

तर गोष्ट अशी की, शहराच्या ट्राममध्ये थांब्यांची नावं सांगणारा आवाज याच सासूबाईंचा होता. तरुणपणी त्या ट्राम कंपनीत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसत. थांब्यांची नावं ध्वनिमुद्रित करायची ठरली त्या दिवशी बोलावलेल्या निवेदिकेचा घसा बसला. सगळे हवालदिल. तेव्हा कुणाला तरी आठवलं की खिडकीवरच्या बाईंपाशी लोक हरवलेल्या छत्रीसाठी भांडायला जातात आणि छत्री न मिळताही आभार मानून परततात. झालं, सासूबाईंना उचलून काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. 'पुढचा थांबा' हे शब्द एकदाच घेतले, मग एकेक नाव. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त 'ग्रंथालय' म्हणताना काचेपलीकडच्या तंत्रज्ञाला जोराचा खोकला आला. खोकून झाल्यावर त्याने विचारलं, आत्ता कुठला थांबा म्हणालात? सासूबाई म्हणाल्या, "ग्रंथालय, बरं का."

त्या घाईगर्दीत नेमकं तेच घेतलं गेलं. ट्राम सुरू झाली आणि शहराने ऐकलं, 'पुढचा थांबा, ग्रंथालय, बरं का.' लोक आधी हसले आणि मग त्या दोन शब्दांच्या प्रेमातच पडले. ते काढायची कंपनीला कधी छातीच झाली नाही. पुढे तर ग्रंथालयाचं नावच 'बरंका' पडलं. संध्याकाळी बरंकापाशी भेटू, असं म्हणून कितीतरी लग्नं जमली असतील.

पण आवाज कुणाचा, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि सासूबाईंनी सांगितलं नाही. मग एके दिवशी कंपनीने जाहीर केलं की येत्या महिन्यापासून संगणकाचा आवाज येणार, जुना बंद. सासूबाई सकाळी बागेत चार मैत्रिणींबरोबर फिरायला जात. त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्या म्हणून गेल्या की तो आवाज माझा होता. मैत्रिणींत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी लगेच फोन काढून विश्वकोशातलं ट्रामचं पान खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. तिथे लिहिलं होतं की 'बरं का' हे शब्द प्रवाशांशी जवळीक साधण्यासाठी कंपनीने विचारपूर्वक योजले असून आवाज एका व्यावसायिक निवेदिकेचा आहे. खाली एका भाषातज्ज्ञांच्या लेखाची तळटीपही होती. त्यावर कुणी वाईट बोललं नाही. बाकीच्या नुसतं 'हो का' म्हणाल्या आणि एकमेकींकडे बघून हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी बागेत जाणं सोडलं. विचारलं तर म्हणत, गुडघे दुखतात. बिचाऱ्या गुडघ्यांनी काही केलं नव्हतं. सकाळी त्या वेळेला त्या खिडकीपाशी बसत आणि खालून मैत्रिणी जाताना दिसल्या की पडदा सरकवून घेत.

खरं कारण कळल्यावर बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने घरच्या संगणकावर ट्रामचं पान उघडलं आणि चुकीचं वाक्य खोडून आईची सगळी हकीकत लिहून टाकली. तासाभरात ती हकीकत गायब झाली. खोडणाऱ्याने शेरा मारला होता, 'संदर्भ नाही.' खोडणारा कोण हे शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. तिने परत लिहिलं, त्याने परत खोडलं. दोघांच्या मध्ये फक्त एक जिना होता. तिसऱ्या खेपेला ती तो जिना उतरून थेट दुकानात आली. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी कान टवकारले.

तिने विचारलं, "आई खोटं बोलते का?"

"मी कुठे म्हणालो तसं?"

"मग खोडलंस का?"

तो आपलं समजुतीने सांगायला लागला की विश्वकोशात खरं काय याला महत्त्व नाही, छापलेलं काय याला आहे. शिवाय आपण घरचे, घरच्यांनी घरच्यांबद्दल लिहायचं नसतं. उद्या प्रत्येक जण आपापल्या सासूला घुसवेल. बायकोने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाली की यांचे डोळे मी स्वतः तपासलेत, लांबचं उत्तम दिसतं, पण समोरचं दिसत नाही.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा आला. तो म्हणाला, भूक लागली, तर बायको म्हणे, संदर्भ? तो म्हणाला, मी दिवा बंद केलाय, तर ती म्हणे, हे तुझं स्वतःचं निरीक्षण झालं, छापून आलंय का कुठे? मोजे सापडत नव्हते तेव्हा तिने सांगितलं की ते कपाटात आहेत असं तिला वाटतं, पण ती घरचीच असल्याने तिच्यावर विसंबू नये. सासूबाईंना हसू आवरेना. लेकीला त्या दटावत, जावईबापूंना छळू नकोस, बरं का. आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून पुन्हा हसत.

इकडे विश्वकोशाच्या चर्चा पानावर या वादात 'कात्री' नावाचे एक सदस्य उतरले. ते चिठ्ठीपेक्षाही कडक. त्यांनी निवाडा दिला की खोडलं ते योग्यच, कुणाच्या तरी आईची आठवण हा पुरावा नव्हे. चिठ्ठी जिंकला होता. एरवी अशा विजयानंतर तो स्वतःशीच शीळ घालायचा. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग त्याने भरल्या दुपारी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. हे रस्त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो ग्रंथालयात, म्हणजे बरंकातच, जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उपसत बसे. ट्रामच्या रुळांबद्दल, तिकिटांबद्दल, खांबांच्या रंगाबद्दलसुद्धा रकानेच्या रकाने होते. आवाजाबद्दल अवाक्षर नव्हतं. कपड्यांना धूळ लावून घरी आला की बायको आता संदर्भ मागत नसे.

असाच एकदा तो हात हलवत परतला तेव्हा सासूबाई खिडकीपाशीच होत्या. त्यांनी त्याला बसा म्हणून खूण केली.

"जावईबापू, तुमच्या त्या पानाचं राहू द्या. तुम्हाला स्वतःला पटतं का, ते मीच बोललेय?"

"पटतं, आई. पहिल्या दिवसापासून पटतं. पण माझं पटणं हा संदर्भ होत नाही."

"न होवो. मला तेवढंच ऐकायचं होतं, बरं का."

हे आपण आधीच का बोललो नाही, असं वाटून चिठ्ठीला मनापासून वाईट वाटलं. दोन शब्द होते, त्याला कसली तळटीप लागत होती? मग त्यानेच टूम काढली की महिनाअखेरच्या रविवारी तिघांनी ट्रामने जायचं आणि तो आवाज शेवटचा ऐकून यायचं. सासूबाई नको नको म्हणाल्या आणि कपाटातली ठेवणीतली शाल काढून बसल्या.

रविवारी ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं शहर 'बरं का' ऐकायला लोटलं होतं. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप होते, बरंकापाशी जमलेली जोडपी होती, हातात वही घेतलेली एक वार्ताहर मुलगी होती. मागच्या बाकावर बागेतल्या मैत्रिणी बसल्या होत्या, मधोमध मुख्याध्यापिका. एका भल्या माणसाने सासूबाईंना जागा दिली. ट्राम वळणावर आली तसा डबा चिडीचूप झाला. लोकांनी श्वास रोखून धरले. भोंग्यातून आवाज आला.

'पुढील थांबा. ग्रंथालय.'

सपाट, कोरडा, नवा आवाज. कंपनीने घाई करून आदल्या संध्याकाळीच तो बसवला होता. पुढे काहीच आलं नाही. अख्खा डबा त्या दोन शब्दांसाठी ताटकळला, कुणाच्या खांद्यावरचं पोर रडवेलं झालं, आणि त्या शांततेत बाकावरून सवयीने, अगदी सहज आवाज आला.

"बरं का."

सगळा डबा वळला. तोच आवाज होता. थोडा जुना झाला होता, पण तोच. सासूबाई शालीत तोंड लपवायला लागल्या. कुणीतरी विचारलं, बाई, तो आवाज तुमचा? त्यांनी शाल आणखी वर ओढली. एकदा सांगून पोळल्या होत्या, आता कशाला बोलतील? वार्ताहर मुलगी गर्दीतून वाट काढत पुढे आली.

तेव्हा चिठ्ठी पुढे झाला. तो मोठ्याने म्हणाला, "हो. याच त्या. माझ्या सासूबाई."

मागून मुख्याध्यापिकांनी विचारलं, "कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तिलाच आता नीट दिसायला लागलं होतं. आणि डब्यात टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्यात ट्राम थांबल्याचं कुणाला कळलंही नाही. पोरं ओरडत होती, बाई, अजून एकदा. सासूबाई डोळे पुसत होत्या, हसत होत्या आणि दर थांब्याला नव्या आवाजाच्या मागून 'बरं का' जोडत होत्या. कुठलाही थांबा त्यांनी सोडला नाही.

वार्ताहर मुलगी पक्की निघाली. टाळ्यांवर न विसंबता तिने त्या जुन्या तंत्रज्ञाला शोधून काढलं. तो म्हातारा अजूनही खोकत होता. सगळं त्याला लख्ख आठवत होतं, आणि आपल्या एका खोकल्याने शहराला काय दिलं हे ऐकून तो खूश झाला. आठवड्याने सासूबाईंच्या फोटोसकट मोठा लेख छापून आला. कंपनीनेही नमतं घेतलं आणि ग्रंथालयापुरता जुना आवाज परत लावला.

चिठ्ठीने लेखाचं कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं, पण विश्वकोशातल्या पानाला हात लावला नाही. तो पडला घरचा माणूस. त्याने चर्चा पानावर फक्त लेखाचा पत्ता दिला आणि दिवसभर गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायचं विसरून संगणकाच्या पडद्याकडे बघत बसला. कात्री यांनी लेख तपासला, तारीख तपासली, एक स्वल्पविराम सुधारला आणि वाक्य पानावर चढवलं. खाली त्यांनी लिहिलं, 'मीही त्या ट्राममध्ये होतो. पण तो संदर्भ होत नाही, म्हणून बोललो नाही.' चिठ्ठी इतक्या मोठ्याने हसला की वरून बायको धावत खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचे गुडघे ठणठणीत बरे झाले. लेक आणि जावई खिडकीतून बघत राहिले. बागेच्या फाटकापाशी मैत्रिणी थांबल्या होत्या. मुख्याध्यापिका जरा ओशाळून पुढे झाल्या आणि म्हणाल्या की त्या दिवशी माझं चुकलं, पण आम्हाला तरी काय माहीत, तेव्हा पानावर तसं लिहिलं होतं.

"आता बघा की," सासूबाई त्यांचा हात हातात घेत म्हणाल्या. "तळटीप चौदावी, बरं का."