‘झालं’ कुणी लिहिलं

मास्तरीण सकाळीच संग्रहालयात पोचली. जुना संगणक चालू करणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, आणि तो होताही तिचाच. दालनासाठी तिने विश्वासाने दिला होता. संध्याकाळी उद्घाटन होतं, साहेब स्वतः येणार होते. तिच्यासोबत वहिनी होत्या, धिम्या हातामुळे सगळे ‘कासव’ म्हणत त्या तिच्या जुन्या सहकाऱ्याची बायको. नवऱ्याचं काम लोकांना दाखवणार म्हणून त्या ठेवणीतली शाल पांघरून आल्या होत्या.

मास्तरीण हे नाव तिला नंतर पडलं, शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागल्यावर. त्याआधी ती, कासव आणि आणखी काही जण साहेबांच्या कंपनीत होते. त्यांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, आणि एके काळी दुकानं, दवाखाने, छापखाने तिच्यावर चालायचे. साहेबांनी कंपनी विकली. नव्या मालकांनी या सगळ्यांना दुपारच्या चहाआधी घरी पाठवलं. कुणी विमा विकू लागला, कुणी लिफ्टदुरुस्तीत शिरला. कासवाला फर्निचरच्या दुकानात बिलं करायची नोकरी लागली. तिथला संगणक त्याच्याच सिस्टीमवर चालायचा, पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही. हात धिमा म्हणून मालक त्याच्यावर डाफरायचा. कासव वारला तो त्याच नोकरीत असताना.

संगणक सुरू करून मास्तरीण उठली आणि भिंतीवरचा फलक वाचू लागली. ‘एका माणसाचं स्वप्न’ असा मथळा, खाली साहेबांचा फोटो. पुढे लिहिलं होतं, की फाइल साठवल्यावर पडद्यावर उमटणारं ‘झालं’ हे साहेबांना सामान्य माणसाबद्दल वाटणाऱ्या जिव्हाळ्याचं प्रतीक आहे.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फाइल लिहायची, डिस्कवरून परत वाचायची, मुळाशी ताडून पाहायची, आणि जुळली तरच ‘झालं’ म्हणायचं, हा कासवाचा हट्ट होता. यात वेळ जातो, गिऱ्हाईक पळतं, म्हणून साहेब ते काढा म्हणून हात धुऊन मागे लागले होते. कासव मान डोलवायचा. साहेबांना दाखवायच्या डिस्कमधून त्याने ते काढलं आणि विकायच्या डिस्कमध्ये तसंच ठेवलं. सगळ्यांना माहीत होतं. सगळे गप्प राहिले. वीज जाऊनही रुग्णांची माहिती शाबूत राहिली, म्हणून दवाखान्यांचे आभाराचे फोन येऊ लागले, तेव्हा कुठे साहेबांना पत्ता लागला. आभार मात्र त्यांनी बिनदिक्कत खिशात घातले.

“बाई, इकडे या,” वहिनी फोटोपाशी उभ्या होत्या. “हा हात ह्यांचा.”

साहेबांच्या खांद्यामागे, अगदी कडेला, एक तपकिरी स्वेटरची बाही होती. मनगटाची पट्टी हिरवी.

“तपकिरी लोकर संपली होती, म्हणून हिरवी लावली,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांना कापलं नि माझं विणकाम ठेवलं.”

मास्तरणीने दालनाच्या तरुण व्यवस्थापिकेला गाठलं. मुलगी नम्र होती आणि घाईत होती.

“मॅडम, तुमचं पटतं मला. पण पुरावा काय? आम्ही सगळा कोड तपासला. त्यात कुणाचंच नाव नाही.”

“नावांना जागा कुठे होती? एकेक अक्षर वाचवत होतो आम्ही.”

“साहेब तर मुलाखतीत म्हणतात, ते त्यांनी लिहिलं.”

“साहेबांना फाइल नीट उघडता येत नव्हती.”

मुलीने आजूबाजूला पाहिलं. “दालनाचा खर्च त्यांनी केलाय. फार तर खाली ‘आणि सहकारी’ असं घालते.”

“सहकारी,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे चहा आणून देणारे वाटतील.”

“चहासुद्धा कासवच करायचा,” मास्तरीण म्हणाली. मग मुलीकडे वळली. “हे बघ, ‘झालं’खाली त्याचं नाव घाल. माझं नको, इतरांचं मी त्यांना विचारून सांगेन. नाहीतर संगणक घरी नेते.”

“मॅडम, उद्घाटन तोंडावर आलंय.”

“म्हणून तर आत्ता सांगतेय.”

मुलगी बाजूला जाऊन फोनवर बोलली. बराच वेळ नुसती “हो सर” म्हणत राहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “साहेब म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी इतिहास बदलता येत नाही. संगणकाऐवजी आम्ही व्हिडिओ दाखवू.”

“दाखवा,” मास्तरीण म्हणाली.

तिने शिरस्त्याप्रमाणे संगणक बंद केला, वायर गुंडाळली. रखवालदाराने अडवल्यासारखं केलं. मुलीने त्याला मानेनेच नको म्हटलं, आणि दार स्वतः धरून उभी राहिली.

फुटपाथवर वहिनींच्या काखेत कीबोर्ड होता, आणि संगणकाच्या खोक्याची एक बाजू त्यांनी धरली होती. टॅक्सी थांबत नव्हती.

“एवढं जड कशाला केलं हो ह्यांनी?”

“खोकं त्याचं नाही, वहिनी. त्याचं आतलं.”

“मग ते तरी हलकं करायचं,” वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या टॅक्सीला थांबवायला मोकळा हात आडवा घालून थेट रस्त्यात उतरल्या.