काळजाची पैज

मोची आणि माळी यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं असतं, तर कुष्ठरुग्णालयाची भिंतच कोसळली असती. दोघेही कधीचे बरे झालेले, पण घरच्यांनी दार लावून घेतलं म्हणून इथेच राहिलेले. आणि तरी नव्या डॉक्टरीणबाईंना दोघांनी एका दमात हो म्हटलं. या रोगाने हृदयाच्या वजनात फरक पडतो का, ते बाईंना बघायचं होतं. मेल्यावर आमचीही हृदयं काढून तोला, असं हे दोघे म्हणाले.

"बोटं झिजली माझी, काळीज नाही झिजलं," मोची म्हणाला. "तुझ्यापेक्षा पावशेर जास्तच भरेल."

"पावशेर? तोंड बघ आरशात," माळी म्हणाला.

लागली पैज. जिचा निकाल ऐकायला दोघांपैकी एकही नसणार, अशी पैज लावायला अक्कल गहाण ठेवावी लागते. यांनी ती केव्हाच ठेवली होती. मोची आपलं अंडं खाऊन शेजारच्याचंही मागायला लागला. माळी दुधाचं भांडं तोंडाला लावायचा, ते तळ दिसल्याशिवाय काढायचा नाही.

बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून मोची सगळ्यांना मऊ तळाच्या चपला शिवून द्यायचा. माळ्याचे पाय तर त्याला तोंडपाठ होते. एके दिवशी माळ्याच्या चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंतही पोचेना.

"खा अजून, खादाडा," मोची करवादला. मग त्याने पायावर अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मोची तसाच उठून बाईंना बोलवायला गेला.

बाईंनी तपासलं. "हृदय मोठं झालंय, थकलंय. म्हणून अंगावर सूज आहे. हृदय जड असणं चांगलं, असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

कोणीच सांगितलं नव्हतं. शहाण्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

खाटेवरून धापा टाकत माळी हसला. "ऐकलंस? जड. जिंकलो."

"गप रे मेल्या," मोची म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

औषधं सुरू झाली, मीठ बंद झालं. मोची रोज ती चपलांची जोडी बगलेत मारून यायचा, पट्टा ओढून बघायचा. माळी रोज विचारायचा, "हरलास ना?" जन्मात कोणापुढे हार न मानलेला मोची मुकाट्याने म्हणायचा, "हरलो बाबा." आणि मनात म्हणायचा, हलकं होऊ दे रे याचं काळीज, कापसासारखं हलकं होऊ दे. त्याच्यावाचून भांडायचं कोणाशी, हा विचारसुद्धा त्याला सोसत नव्हता.

आणि एका सकाळी पट्टा जुन्या भोकात बसला. मोचीने काढून पुन्हा लावला. पुन्हा बसला.

"हरलास," मोची म्हणाला. "साफ हरलास, गाढवा."

"मग रडतोस कशाला?"

"चपला चिकटवायच्या सोल्युशनचा वास. डोळ्यांत जातो."

"इथं कुठंय सोल्युशन?"

"दुसरा पाय आण इकडे," मोची म्हणाला.