जाग आली तिथं थांबलेली रेघ

बाळ झोपलं की मी चित्र काढायला बसायची, आणि ते जागं झालं की हात तिथंच थांबवायची. पुन्हा त्या चित्राला हात लावायचा नाही, असं माझं मीच ठरवलेलं. जुन्या दुपट्यांवर, घरच्या काजळानं, काडीच्या टोकानं काढलेली त्याचीच चित्रं. अर्धी मूठ. टाचेपर्यंत न पोचलेलं पाऊल. नुसतीच भुवई. वीस मिनिटांची झोप तर वीस मिनिटांचं चित्र. अशी एकवीस दुपटी झाली.

अमरावतीत नव्या कलाकारांचा महोत्सव होता. पदवी घेऊन घरी बसलेल्या आमच्यासारख्यांनाही घेणार होते. माधवी माझी होस्टेलची मैत्रीण, चार वर्षं एका खोलीत काढलेली. बाळ झाल्यावर अकोल्याला भेटायला आली ती एकटीच. दुपटी पाहून म्हणाली, मी नेते, फॉर्मही भरते, तू लेकराकडे पाहा. एकेका चित्राची गोष्ट मी तिला मोबाईलवर बोलून पाठवली. मागून बाळाचं कुरकुरणंही गेलं असेल.

शेवटच्या दिवशी तिला न सांगताच बाळाला घेऊन बसनं निघाले. माझं नाव कुठंतरी लागलंय, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

हॉलमध्ये दुपटी दोरीवर वाळत घातल्यासारखी लावली होती. तेही मीच सुचवलेलं. खाली नाव माधवीचं. ती माझ्याकडे पाठ करून दोन बायकांना सांगत होती, की मांडीवरचं बाळ जरा हललं तरी काळजात कसं धस्स होतं. माधवीचं अजून लग्नही झालेलं नाही.

मला पाहून तिचा चेहरा उतरला. लगेच बाळाला घ्यायला तिनं हात पुढे केले. मी दिलं नाही. मग सांगू लागली, कलाकारानं तिन्ही दिवस हजर राहिलं पाहिजे असा नियम होता, तुला जमलं नसतं, म्हणून माझं नाव टाकलं. आत्ता जाऊन बदलून घेते. मी तेही ऐकून घेतलं असतं. चार वर्षं एका ताटात जेवलेल्या आम्ही.

तेवढ्यात बाळानं एक दुपटं ओढलं. त्यावरच्या मुठीला पाचही बोटं होती. शेजारच्या पावलाला टाच आली होती. जिथं काजळ संपत होतं तिथून मार्करची चकचकीत रेघ सुरू झालेली. एकवीसही दुपट्यांवर.

"हे काहून केलं वं?"

"अर्धवट दिसून राहिलं होतं, प्रणाली. लोक हसले असते. तुले वेळ भेटला असता तर तूच पुरं केलं असतं ना."

भुवईखाली तिनं डोळा काढला होता. टक्क उघडा. त्या दुपारी बाळ झोपेत हसलं होतं.

मी त्याच्या मुठीतून दुपटं सोडवलं.

"माझं नाव नको लावू," मी म्हटलं. "हे आता माझं नाही."

माधवीनं आधी त्या दोन बायकांकडे पाहिलं, त्यांनी ऐकलं का म्हणून.