धुऱ्यावरची वाट

हॉलंडमधल्या हेगच्या एका संस्थेकडून आलेलं पत्र प्रभाकररावांनी दिवाळीत वाचलं, पुन्हा वाचलं आणि कायद्याच्या एका जाड पुस्तकात घालून ठेवलं. उत्तर दिलं नाही. आता चौऱ्याऐंशी साल उजाडलं होतं, संक्रांत तोंडावर आली होती आणि होकार महिनाअखेर तिकडे पोचायला हवा होता.

पत्र साधं होतं. समुद्राचा कायदा आणि समुद्रावरचे तंटे सोडवण्याची रीत, याचं चार महिन्यांचं शिक्षण. विमानाचं भाडं, राहणं, जेवण, सगळं संस्थेकडे. ज्या देशांना किनाराच नाही, त्यांना शेजाऱ्याच्या मुलखातून समुद्रापर्यंत जायचा हक्क असतो की ती शेजाऱ्याची मेहेरबानी, यावर प्रभाकररावांचा एक लेख छापून आला होता. तो त्या लोकांच्या वाचनात आला. होकारासोबत त्यांनी एकच पान मागितलं होतं: स्वतः हाताळलेला एखादा तंटा, आणि तो कसा मिटला.

तिथंच घोडं पेंड खात होतं. वर्धेच्या कोर्टात इतकी वर्षं वकिली करून प्रभाकररावांनी एकही तंटा मिटवला नव्हता. तारखा तेवढ्या घेतल्या होत्या.

"या, दर्यासारंग!" लक्ष्मणराव वकील भरल्या बाररूममध्ये ओरडायचे. "धाम नदीले गुडघाभर पाणी, अन् आमचा भाऊ निघाला जहाजाईचे भांडनं सोडवाले!"

प्रभाकरराव कसनुसं हसायचे आणि कोट सावरत बाहेर पडायचे. घरी येऊन उत्तराचा मसुदा करायचे. 'आपली हरकत नसल्यास... माझी पात्रता नसतानाही...' इथवर आलं की कागद फाडून टाकायचे.

अशात सिंदी रेल्वे या गावाहून देवकाबाई आल्या. प्रभाकररावांच्या थोरल्या भावाची विधवा. वडिलांचं शेत त्याच बघायच्या. चपला न काढता दारातूनच त्यांनी सुरुवात केली.

"भाऊजी, नत्थूजीनं धुऱ्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. बंडी निघत नाई. कापूस वावरात पडून राह्यला, अन् आभाळ भरून राह्यलं. तुमी वकील आहा का नाई?"

त्यांचं वावर मागे, नाल्याच्या काठाला. बैलबंडीची वाट प्रभाकररावांचा चुलतभाऊ नत्थूजी याच्या वावरातून, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या कडेकडेनं. आजोबांच्या वाटणीपासून बंड्या तिथूनच जात होत्या आणि वाटणीपासूनच दोन्ही घरांत विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. लग्नाकार्यात एकमेकांकडे पाणी पीत नसत. पण बंडी जायची. कोणी विचारत नसे, कोणी अडवत नसे. नत्थूजीचा बाप धुऱ्यावर बसून शिव्या द्यायचा, आणि बंडी शिव्या खात पुढे जायची. तीच रीत होती.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव धुऱ्यावर उभे राहिले. काट्यांपलीकडे नत्थूजी उकिडवा बसून तंबाखू मळत होता. शेजारच्या वावरातला तानबा आणि आणखी दोघं-तिघं गंमत पाहायला जमले होते. मागे देवकाबाई भरल्या बंडीपाशी.

प्रभाकररावांनी घसा साफ केला. "दादा, तुमची परवानगी असेल तर आज एवढी बंडी जाऊ द्या."

देवकाबाईंनी कपाळावर हात मारला. नत्थूजी मात्र पचकन थुंकून उभाच राहिला.

"आयकलं का रे तानबा? मांगून राह्यला! माह्या बापाले कोनी इचारलं नाई, आज्याले इचारलं नाई. आज वकीलसायबानं इचारलं. म्हंजे रस्ता कोनाचा? माहा! अन् मी म्हंतो, नाई!"

प्रभाकररावांचे कान तापले. वहिवाटीचा हक्क न विचारता वापरला तरच टिकतो. परवानगी मागितली की त्याची मेहेरबानी होते. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यावर तर त्यांनी लेख लिहिला होता. पण जन्मभराची सवय, तोंड उघडलं की आर्जवच बाहेर पडायचं.

"वापस जाय, परभाकर! समुद्रावरचे भांडनं सोडव. तिथं काटे नसतेत."

लोक हसले. देवकाबाई हसल्या नाहीत. "तुमच्या भावानं दुसरं काई केलं नसन," त्या दातओठ खात म्हणाल्या, "पन ह्याच्याम्होरं हात नाई पसरला."

नाल्यापलीकडे गडगडलं. प्रभाकररावांनी कोट काढून बंडीवर टाकला, पुढे झाले आणि पहिली फांदी ओढली. काटा तळहातात शिरला. दुसरी ओढली.

"कोर्टात खेचीन!" नत्थूजी ओरडला. "तूनं इचारलं व्हतं, साक्षीदार हायेत!"

तिसरी फांदी निघाली. गप्प बसणं प्रभाकररावांना आयुष्यभर जमत आलं होतं. आज ते पहिल्यांदा कामी आलं.

बंडीपुरत्या काट्या बाजूला झाल्या तसा नत्थूजी काठी घेऊन वाटेतच येऊन उभा राहिला. प्रभाकररावांनी बैलांचा कासरा धरला आणि चालू लागले. बैल जवळ आले तसा नत्थूजीचा सूर बदलला.

"मांग! एकडाव अजून मांग! 'जाऊ द्या दादा' म्हन, उरलेल्या काट्या मी सोता उचलतो!"

शब्द प्रभाकररावांच्या अगदी जिभेवर आले. मागितलं असतं तर सगळं सोपं होतं. त्यांनी दात घट्ट मिटले आणि पाऊल पुढे टाकलं. बैलाचा श्वास छातीला लागला तेव्हा नत्थूजी एक पाऊल सरकला. मग धुऱ्यावर बसला आणि बापाच्याच आवाजात शिव्या देऊ लागला. सात पिढ्यांचा उद्धार झाला. बंडी शिव्या खात गेली.

सिंदीच्या कापूस खरेदी केंद्रावर माल उतरला आणि पावसाला सुरुवात झाली. प्रभाकरराव पोस्टात शिरले. हाताला धोतराची चिंधी गुंडाळलेली. त्यांनी परदेशी टपालाचा एअरोग्राम घेतला आणि उभ्या उभ्या इंग्रजीत लिहिलं. 'हरकत नसल्यास' नाही, 'पात्रता नसतानाही' नाही. 'मी येत आहे.' आणि मागितलेल्या पानाच्या जागी चार ओळी: शेजाऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या वाटेचा तंटा आहे. मिटलेला नाही, बहुधा मिटणारही नाही. मी एक मोठी चूक केली, त्याचा फायदा दुसरा पक्ष पुढे घेईल. बंडी मात्र गेली.

दारात देवकाबाई पदर डोक्यावर घेऊन भिजत उभ्या होत्या.

"आता हे कोनाले मांगून राह्यले?"

"मागत नाही, वहिनी. कळवतोय."

"मंग टाका लवकर. बैल ताटकळले."

प्रभाकररावांनी पत्र लाल पेटीत टाकलं आणि पावसातच बंडीकडे गेले.