बोगद्यातला वारा

मी एक जुनी गाडी आहे, अशी सुरुवात करायला मला फार आवडलं असतं. जुन्या गाड्यांचं बोलणं लोक आदराने ऐकतात. पण मित्रांनो, मी जुनी नाही. माझ्या गाद्यांचा नवा वास अजून पुरता गेलेला नाही. अंगावरचा निळा रंग उन्हात चमकतो, म्हणजे आमच्या फेरो बेटांवर ऊन पडतं तेव्हा. इतक्या कोवळ्या वयात आत्मवृत्त सांगायची वेळ माझ्यावर यावी, याचाच मला अजून धक्का बसलेला आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं कमी आणि लोखंडी हात जास्त. एका हाताने माझी दारं बसवली, दुसऱ्याने काचा. स्टीअरिंगच्या दांड्यावर एक छोटी मोटर बसवली आणि तिच्या पोटात एकमेकांत गुंतलेले दाते. चालवणाऱ्याने बोटाने सुचवावं आणि मी वळावं, असं ते हलकं काम होतं. तपासनीसाने मला डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं आणि पसंतीची मान हलवली. सरळ मात्र कुणी फार वेळ चालवलं नाही. सरळ जाण्यात काय तपासायचं, असं त्यांना वाटलं असावं.

मग जहाजाच्या पोटात बसून मी निघाले. माझ्या शेजारी माझ्याच घडणीची एक राखाडी बहीण होती. समुद्र खवळला की आम्ही दोघी साखळदंडात एकदमच हिंदकळायचो. क्लाक्सविकच्या बंदरावर आम्हाला उतरवून घ्यायला हानुस आला होता. इथला गाड्या विकणारा हानुसच आणि त्या दुरुस्त करणाराही हानुसच. गावातली निम्मी माणसं त्याच्या नात्यातली आणि उरलेली त्याच्याबरोबर चर्चच्या गायनमंडळात गाणारी. राखाडी बहिणीला पेतुर नावाच्या तरुण मच्छीमाराने नेलं आणि मला हानुसच्या भाचीने, ओलुवाने; आमच्याच घडणीच्या बाकीच्या बहिणी गावात इतरांकडे गेल्या.

ओलुवा घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची. कुणाला आंघोळ घाल, कुणाच्या पायाची पट्टी बदल, कुणाला नुसतंच हसव. माझ्या मागच्या बाकावर लोकरीचे गुंडे, सुईवर अर्धवट राहिलेला मोजा आणि म्हाताऱ्यांनी प्रेमाने दिलेलं वाळवलेलं मटण. त्या मटणाचा वास एकदा गाडीत शिरला की जात नाही. मला तो आवडायचा, आपण कुणाच्या तरी घरच्या झालो असं वाटायचं. म्हाताऱ्या बायका खिडकीतून मला बघून म्हणायच्या, ओलुवाची गाडी येते ती मांजरासारखी, पावलांचा आवाज नाही. मी फुगून जायचे.

आमची रोजची शेवटची फेरी डोंगरापलीकडच्या गावात, तुम्मास नावाच्या म्हाताऱ्याकडे. तिथे जायला एकच बोगदा. जुना, अंधारा, एका वेळी एकच गाडी मावेल एवढा आणि सुतासारखा सरळ. मध्ये मध्ये खडकात कोरलेले कोनाडे आहेत. समोरून दिवे दिसले की ज्याच्या बाजूला कोनाडा, त्याने गाडी आत घ्यायची आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. इथल्या पोरांनाही हा नियम पाठ असतो. गावाकडे जाताना कोनाडे आमच्या बाजूला असत. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी समुद्राच्या वर एक वळण आहे आणि मग गाव.

पहिल्यांदा ते घडलं त्या दिवशी माझा स्वतःवरच विश्वास बसेना. बोगदा संपला, ओलुवाने वळणासाठी स्टीअरिंग हलकेच फिरवलं आणि ते फिरलंच नाही. मधोमध चिकटून बसलं. तिने जोर लावला तेव्हा एकदम सुटलं आणि मी हवं त्यापेक्षा जास्त वळले. मित्रांनो, तिचे हात सांगत होते आणि माझी चाकं ऐकत नव्हती. माझ्याच अंगात माझं न ऐकणारं काहीतरी आहे, हे कळल्यावर मी हादरून गेले. ओलुवा मात्र म्हणाली, "बाप रे, काय हा वारा!"

आमच्या बेटांवर सगळ्याला वारा जबाबदार असतो. छप्पर उडालं, वारा. मेंढी कड्यावरून पडली, वारा. जेवायला यायला उशीर झाला तरी वाराच. आणि तो असतोही तसा, गाड्या ढकलतो, दारं उपटून नेतो. त्यामुळे ओलुवाला दुसरं काही सुचलंच नाही.

पण तसं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. रविवारच्या कॉफीला तिने मामाकडे विषय काढला, तोही आडवळणाने. इथे कुणी कुणाच्या मालाला तोंडावर नाव ठेवत नाही आणि इथे तर विकणारा सख्खा मामा. हानुसने मला गावातून एक चक्कर मारून आणली. गाव म्हणजे सगळी वळणंच वळणं, तिथे मी लोण्यासारखी फिरले. परत येऊन त्याने तिची थट्टा केली. भाचीबाईंनी वाऱ्याशी भांडण काढलंय, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि सगळे हसले. ओलुवाने पुन्हा विषय काढला नाही. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

हिवाळ्यात पेतुर गेला. संध्याकाळी बंदरावरून डोंगरापलीकडे घरी जाताना बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी त्याची गाडी वळली नाही, सरळ खाली समुद्रात गेली. माझी राखाडी बहीण. क्रेनने तिला वर काढलं तेव्हा तिच्या खिडक्यांतून शेवाळ लोंबत होतं. त्या दिवशी वादळ होतं, म्हणून गाव म्हणालं, वारा. मलाही ते खरं वाटलं. कदाचित ते खरं असावं, ही माझीच गरज होती.

पेतुर हा तुम्मासचा एकुलता एक मुलगा. म्हाताऱ्याने त्याला त्या सकाळी फोनवर सांगितलं होतं, आज वारा आहे, घरी यायला निघू नकोस. तो निघाला. तेव्हापासून तुम्मास दुःखी कमी आणि रागावलेला जास्त होता. ओलुवा त्याचे पाय धुवायची आणि तो रोज तेच बोलायचा. मेलेल्या मुलावर रागावलेला बाप पाहणं फार कठीण असतं. तो दफनभूमीत एकदाही गेला नाही. ज्याने बापाचं ऐकलं नाही त्याला भेटायला कशाला जायचं, असं म्हणायचा. ओलुवा परत येताना माझ्यात बसून रडायची आणि मग नाक पुसून किल्ली फिरवायची.

मग मेंढ्या डोंगरावरून खाली आणायचे दिवस आले. दुपारची वेळ होती, आम्ही तुम्मासकडे निघालो होतो. बोगद्यात बरंच आत गेल्यावर समोरून दिवे दिसले. कोनाडा आमच्या बाजूला. ओलुवाने वेग कमी केला, दिवे उघडझाप करून "या" असं सांगितलं आणि स्टीअरिंग कोनाड्याकडे फिरवलं.

मी सरळच जात राहिले.

समोरचे दिवे मोठे होत होते. ओलुवाने दोन्ही हातांनी, दात आवळून ओढलं. काहीतरी कट्‌कन सुटलं आणि मी कोनाड्यात घुसून खडकावर आदळले. आरसा तुटला, एक दिवा फुटला. समोरची गाडी किंचाळत थांबली, माझ्या मागच्या दाराला खेटून. अंधारात मेंढ्या ओरडायला लागल्या. ती हानुसची मालवाहू गाडी होती, मागे त्याचीच मेंढरं.

तो खाली उतरला तो संतापून.

"अगं, झोपलीस की काय? दिवे दाखवतेस आणि अंगावर येतेस?"

"मी वळवत होते, मामा. वळतच नव्हती."

"वाऱ्याने..." सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

ओलुवाने शांतपणे विचारलं, "मामा, बोगद्यात वारा कुठून आला?"

 हानुसने खरोखरच हात वर धरून वारा लागतो का ते पाहिलं. खडकातून ठिबकणारं पाणीसुद्धा सरळ खाली पडत होतं. मग तो कामाला लागला. आधी मला मागे घेतलं, आपली गाडी कोनाड्यात लावली, ओलुवाला शेजारी बसवलं आणि मला अगदी सावकाश, सरळ, बोगद्याच्या तोंडापर्यंत नेलं. तिथे त्याने वळणासाठी बोटाने स्टीअरिंग हलवलं. मी वळले नाही. त्याने ब्रेक दाबला. माझी पुढची चाकं थांबली ती त्या वळणावर, माझी राखाडी बहीण जिथून खाली गेली त्याच दगडांपाशी. खाली समुद्र दिसत होता.

दोघांपैकी कुणीही पेतुरचं नाव घेतलं नाही. हानुसने इंजिन बंद केलं.  तो म्हणाला, "मला चार जणांनी सांगितलं होतं. चारही जणांना मी वाऱ्याचंच सांगितलं." मग खाली बघत अगदी हळू म्हणाला, "त्यातला एक तो होता."

त्या संध्याकाळी गायनमंडळाची तालीम झाल्यावर कॉफी सुरू असताना हानुस उभा राहिला आणि त्याने विचारलं, या गाडीचं स्टीअरिंग कुणाकुणाचं अडकतं? मी बाहेर उभी होते, फुटक्या दिव्याने खिडकीतून पाहत होते. सगळे आपापल्या कपात बघत बसले. हानुसच्या तोंडावर असं कोण बोलणार? तेव्हा ओलुवाने विचारलं, "बरं, बोगद्यात वारा कुणाकुणाला लागतो?"

लोक हसले. मग हसू थांबलं. पाद्रीबाईंचा हात हळूच वर गेला. मग शाळेच्या स्वयंपाकिणीचा, मग बंदरावरच्या दोघा भावांचा. हात वर केलेली माणसं एकमेकांकडे बघत होती. प्रत्येकाला वाटलं होतं की आपल्यालाच गाडी नीट चालवता येत नाही. कुणीतरी कप खाली ठेवला, त्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी हानुसने आम्हा सगळ्या बहिणींना आपल्या अंगणात आणून उभं केलं आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. कंपनीला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, तुमच्याकडे वारा फार असतो ना? हानुस त्यावर जे बोलला ते मी मुलांसमोर सांगत नाही. शेवटी कंपनीची माणसं आली. हानुसने त्यांना वळणावळणाच्या गावात नेलंच नाही, थेट बोगद्यात नेलं. बाहेर आल्यावर त्यांनी आमच्या मोटरी उघडून पाहिल्या. आमच्या मोटरीतले दाते बराच वेळ सरळ राहिले की एकमेकांना घट्ट धरून बसत होते. आम्हा सगळ्यांच्या त्या मोटरी काढून नव्या बसवल्या.

दुरुस्त झाल्यावर ओलुवा मला घेऊन प्रथम तुम्मासकडे गेली. या वेळी हानुसही बरोबर आला. मला दाराशी उभं केलं होतं, दार उघडंच होतं. ओलुवाने सगळं सांगितलं. हानुसने आपलंही सांगितलं, काही लपवलं नाही. म्हातारा त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही. त्याने फक्त ओलुवाकडे पाहिलं.

"म्हणजे पोरी, तो वळवत होता?"

"वळवत असणारच, तुम्मासकाका. मी वळवत होते तसाच. दोन्ही हातांनी."

 तुम्मासने काठी मागितली, टोपी मागितली आणि येऊन माझ्या पुढच्या जागेवर बसला. दफनभूमी चर्चच्या मागे, समुद्राकडे तोंड करून आहे. रस्ता लहान आहे, पण मी तो जन्मात कधी चालले नव्हते इतक्या जपून चालले. ओलुवाने बोटाने सुचवलं आणि मी वळले. उतरताना म्हाताऱ्याने माझ्या स्टीअरिंगवर हात ठेवला, जरासं हलवून पाहिलं आणि मान हलवली.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, माझ्या चाकांत हवा भरा, हे सगळं हवंच. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागते. तुमच्यातलं कुणी कधी म्हणालं, माझ्या हातांना काहीतरी वेगळं लागतंय, काहीतरी बिघडलंय, तर हसू नका. त्याच्या शेजारी बसा, तो जातो त्याच वाटेने एकदा जाऊन बघा. त्याला वाऱ्याचं सांगू नका.