नळीवरची गाठ

सिरिंजमधलं सलाइन पुढे सरकेना.

यशोदाच्या छातीतून बाहेर आलेली ती पांढरी नळी मुंबईच्या डॉक्टरांनी बसवली होती. केमोने हातांच्या शिरा जळून गेल्या होत्या. औषध आता या नळीतूनच जायचं. नळी बंद पडली तर गुरुवारचा डोस चुकणार, नळी बदलायला पुन्हा मुंबई गाठावी लागणार. म्हणून दर रविवारी एरंडोलच्या घरी मी ती धुवायचो.

वहीत सगळं लिहून घेतलं होतं. हात धुणे, स्पिरिट, आधी सलाइन, मग रक्त गोठू नये म्हणून हेपारिन. जोर लावायचा नाही, हे लाल शाईत. पण जोर न लावता जातच नसेल तर काय करायचं? ते वहीत नव्हतं. की डॉक्टर बोलले होते आणि मीच लिहायचं विसरलो?

नळीचा चिमटा उघडा होता. तीनदा पाहिला.

"थांबलात का?" यशोदाने विचारलं.

"जात नाही."

"मग?"

"तेच बघतोय."

दारात तिचा भाऊ चुडामण उभा होता. केळीला ठिबक लावल्यापासून तो नळ्यांतला जाणकार. आता हा म्हणणार, दाबा जोरात.

"दाजी, जोर नका लावा. ठिबकमा आम्ही पहिले नळी देखतस, कोठे दबाई गयी शे का."

मी टोपणापासून वर नजर फिरवत गेलो. चिकटपट्टीखाली काहीतरी काळं होतं. पट्टी उचलली. काळा दोरा, घट्ट, तीन गाठी.

"अक्कांनी बांधला," यशोदा खाली बघत म्हणाली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शेवंताबाई; काल येऊन गेली होती. "म्हणाल्या, औषध इथूनच जातं, तर नजरही इथंच लागेल."

"आणि तू बांधू दिलास?"

"तुम्ही तरी अक्कांना कधी नाही म्हणालात?"

चुडामण हसला. "तुमनी वहीमा बठ्ठा शे दाजी, अक्काच नही!" खरंच, वहीत सगळं होतं; अक्का तेवढी नव्हती.

मी कात्री उचलली आणि खाली ठेवली. नळीजवळ कात्री नको, हेही लाल शाईत होतं. नखांनी गाठी सोडवल्या. नळीवर वळ उमटला होता. चिरली असेल का? हात पुन्हा धुतले, सलाइन हळूच सोडलं. गेलं. कुठे ओल दिसली नाही.

दोरा टाकावा की ठेवावा, कळेना. यशोदाने मनगट पुढे केलं.

"इथं बांधा. सैल."

बांधला. मग आठवेना, हेपारिन दिलं की नाही. ताटलीत पाहिलं. हेपारिनची सिरिंज भरलेलीच होती.

मी पुन्हा हात धुवायला उठलो.