वजनाच्या आदल्या दिवशी

कोलेटने वल्हं दोन्ही हातांनी धरलं, हंड्याच्या तळाला टेकवलं आणि एक फेरा मारला. दुसऱ्या फेऱ्याला तिचे दंड थरथरले. तरी तिने वल्हं सोडलं नाही. बूया, म्हणजे कोंबडी-भाज्यांचा दाट रस्सा, चुलीवर असताना वल्हं थांबलं की कोबी तळाला लागतो, आणि एकदा तो लागला की चर्चच्या दीडशे माणसांच्या ताटांत करपट वास जातो. डेल्व्हो घराण्याचा हंडा आजवर लागलेला नव्हता. तिच्या बापाने तो अठ्ठावीस वर्षं ढवळला होता, आणि बाप गेल्यापासून तेरा वर्षं ती ढवळत होती.

"दे इकडे जरा," चुलीत लाकूड सारत फ्लोरियान म्हणाला. ऐंशी ओलांडलेला हा शेजारी दरवर्षी जाळ सांभाळायला यायचा आणि जाळापेक्षा तोंडच जास्त चालवायचा.

"तू जाळ बघ."

"जाळच बघतोय. तुझ्यात आता बघण्यासारखं उरलंय काय? निम्मी बाई घरीच ठेवून आलीस."

तंबूखाली टेबलांवर कागद पसरणाऱ्या बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "हसू नका गं, भावासाठी केलंय तिने. सख्ख्या बहिणी असं करत नाहीत हल्ली."

कोलेट ओठांनी हसली. तेवढं अजून जमत होतं.

तिचं वजन ही तिची खाजगी बाब राहिली नव्हती. विस्कॉन्सिनच्या या टोकाला कोणाची गाय किती दूध देते हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसं मार्चपासून तिचं वजनही सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या थोरल्या भावाच्या, नॉर्बर्टच्या, दोन्ही किडन्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. कोलेटची त्याला जुळत होती. पण ती दोनशे एक्कावन्न पौंडांची होती, आणि हॉस्पिटलचं म्हणणं होतं, दोनशेच्या खाली या, मग बोलू. दुसऱ्या कोणाच्या किडनीसाठी यादीत थांबायचं तर आणखी चार-पाच वर्षं. नॉर्बर्टचं हृदय पाहून डॉक्टर चार-पाच वर्षांबद्दल काही बोलायला तयार नव्हते.

मग दर रविवारी पोटात एक इंजेक्शन. पहिल्या महिन्यातच भूक मेली. लोक म्हणायचे, भाग्यवान आहेस. भूक मेल्याचं तिला काही वाटलं नाही, पण तिच्या मागोमाग बरंच काही गेलं. केस न्हाणीच्या जाळीत पुंजक्यांनी सापडू लागले. अंगठीला दोरा गुंडाळावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चरबीबरोबर स्नायूही उतरतील, मांस-अंडी खा, हलके डंबेल उचला. तिला दोन घासांत मळमळायचं. संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल लागला की पूर्वी ती खुर्चीतून उठून पंचाला शिव्या घालायची. या हंगामात ती नुसती बघत बसली, आणि कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या काट्याने एकशे सत्त्याण्णव दाखवलं. तिने गाडीतूनच नॉर्बर्टला फोन केला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

शनिवारी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. तो मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. शुक्रवारच्या स्कॅनमध्ये दोन्ही किडन्यांत खडे दिसले आहेत. एखादा असता तर पाहिलं असतं, पण हे सात आहेत. अशा माणसाची एक किडनी काढून त्याला दुसरीवर सोडता येत नाही.

"मार्चमध्ये तर साफ होत्या," कोलेट म्हणाली.

"वजन फार वेगाने उतरलं. त्यात तुमच्या पोटात पाणी गेलेलं दिसत नाही. कमी पीत होतात?"

"मळमळायचं. आणि वजनाच्या आदल्या दिवशी अजिबात नाही."

"अजिबात नाही? किती आठवडे?"

"सगळेच."

"असं करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही," कोलेट म्हणाली.

बाई म्हणाल्या की नुसत्या त्या एका दिवसाने एवढं होत नाही, पण त्याने भर नक्की घातली. आता रोज तीन लिटर पाणी प्या, दुखलं तर लगेच या. आणि भावाला आम्ही सोमवारी फोन करू. दाता योग्य ठरला नाही, एवढंच सांगू. कारण तुमचं तुमच्यापाशी, ते आम्ही कोणालाही सांगत नाही.

फोन ठेवून तिने उरलेली गाजरं सोलली. रडू येईल म्हणून ती मध्येच थांबली आणि तिने वाट पाहिली. आलं नाही. मग तिने गाजरं चिरली. तेलही गेलं, तूपही गेलं, असं आई म्हणायची ते तिला आठवलं, तेसुद्धा दुसऱ्या कोणाबद्दल ऐकावं तसं.

आज रविवारी नॉर्बर्ट दहाच्या प्रार्थनेला न जाता सरळ हंड्याकडे आला. आदल्या दिवशी डायलिसिस झालं की तो असाच राखेच्या रंगाचा दिसायचा. हातात बर्फाच्या तुकड्यांचा पेला होता. दिवसाला एकच लिटर प्यायची मुभा, त्यात सूप आणि कॉफीही धरायची, म्हणून तो तहान बर्फ चोखून भागवायचा. घडीची खुर्ची ओढून तो बसला आणि त्याने बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एकशे सत्त्याण्णव," तो म्हणाला. "फ्लोरियान, ऐकलंस? माझी चेली आहे ही."

"तुझी कसली चेली?"

"अरे, मी शाळेत कुस्ती खेळायचो तेव्हा एकशे अडतीसच्या वर गेलो की बाद. वजनाच्या आदल्या दिवशी दुपारपासून घोट नाही. वर रेनकोट घालायचा, गाडीच्या काचा लावायच्या, आणि डब्यात थुंकत बसायचं. चार पौंड कुठे जातात कळत नाही. हिला म्हटलं, गुरुवारी नर्स वजन लिहून वर पाठवते ना, मग बुधवारी नळाकडे बघायचंसुद्धा नाही. वरच्यांना आकडा खाली जाताना दिसला पाहिजे."

"आणि ही शहाणी तसं करत बसली?"

"सव्वीस बुधवार. एकही चुकवला नाही. ऑगस्टातसुद्धा, काचा लावून." नॉर्बर्टने बर्फाचा तुकडा गालात फिरवला. "पोरगा असती तर राज्यात पहिली आली असती."

फ्लोरियानने मान हलवली आणि लाकडं आणायला तंबूमागे गेला.

कोलेट ढवळत राहिली. नॉर्बर्टकडे दुसरं काही देण्यासारखं उरलं नव्हतं. शेत मुलाने घेतलं, गाई विकल्या, ताकद गेली. राहिली होती ती ही एक युक्ती, चौदाव्या वर्षी शिकलेली, आणि तीही त्याने बहिणीला देऊन टाकली होती. तो हे किती आनंदाने सांगतो आहे ते तिला दिसत होतं. छातीत काहीतरी दुखायला हवं होतं. दुखलं ते उजव्या कुशीत, मागच्या बाजूला, कालपासून दुखत होतं तसं. तिने वल्ह्यावरचा एक हात काढून तिथे दाबला.

"तारीख दिली का?" त्याने विचारलं.

"सोमवारी फोन करणार आहेत. तुला."

"मला? बरं." तो हसला. "थँक्सगिव्हिंगच्या आधी झालं तर बघ, कोले. मी टेबलावरचं सगळं खाणार. मीठ टाकून. वर पाण्याचा जग."

चर्चमधून शेवटचं गाणं ऐकू येऊ लागलं. म्हणजे चाखायची वेळ झाली. हंडा ज्याच्याकडे, त्यानेच चाखायचं आणि वल्हं काठावर तीनदा आपटायचं. त्याआधी फादरसुद्धा ताट उचलत नाहीत. कोलेटने पळीभर बूया घेतला, फुंकला आणि तोंडात घातला. कोंबडी मऊ होती, बटाटा विरघळला होता, गरम होतं. बाकी तिला काहीच कळेना. तिने पुन्हा एक घोट घेतला. ओल्या पुठ्ठ्याला चव असेल तेवढीच चव.

"नॉर्ब. तू चाख."

"मी? यात मीठ आहे, बाई."

"थुंकून टाक. येतं ना तुला."

त्याने तिच्याकडे पाहिलं, पळी घेतली, तोंडात घोळवली. त्याचे डोळे मिटले. तीन वर्षांनी जिभेवर आलेला तो घास त्याने बराच वेळ धरून ठेवला आणि मग वळून गवतात थुंकला.

"मीठ कमी आहे."

"पाच मुठी घातलंय. बाबांच्या मापाने."

"मूठ बघ तुझी," नॉर्बर्ट म्हणाला.

तिने पाहिली. हाडांवर कातडी, आणि दोरा गुंडाळलेली अंगठी. तिने मागच्या टेबलावरच्या मिठाच्या पोत्यात हात घातला आणि आणखी दोन मुठी सोडल्या. मग ढवळता ढवळता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी त्यांना नको म्हणून सांगितलंय."

"कोणाला?"

"हॉस्पिटलला. मी किडनी देत नाही. भीती वाटली मला. टेबलावर झोपायची, कापायची. काल त्यांनी फोन केला तेव्हा सांगून टाकलं."

हे तिने सकाळपासून वल्ह्याच्या फेऱ्यांबरोबर जुळवलं होतं. त्याने तिच्यावर चिडावं, बोलणं टाकावं, मरेपर्यंत तोंड बघू नये, तेही तिला चाललं असतं. स्वतःच्याच युक्तीकडे तो रोज रात्री बघत पडला असता, ते तिला नको होतं.

नॉर्बर्टने चोखायला उचललेला तुकडा परत पेल्यात टाकला. पेल्यातला बर्फ तडकल्याचं ऐकू आलं.

"एकशे सत्त्याण्णव करून भीती वाटली," तो म्हणाला.

"हो."

"लाथाळ गाय बाकीचे सोडून द्यायचे, तिच्याखाली धार काढायला तू बसायचीस. तुला भीती वाटली."

"वाटली."

तो उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही. सरळ तिच्या टेबलाकडे गेला, जिथे त्याने गाडीची किल्ली ठेवली होती. तिथे मिठाचं पोतं होतं, सुऱ्या होत्या, आणि एक मोठं प्लास्टिकचं भांडं होतं, दुधाचं असतं तसं, पण पाण्याने भरलेलं. त्यावर काळ्या पेनाने रेघा होत्या. प्रत्येक रेघेशी कोलेटच्या अक्षरात वेळ लिहिली होती, तोवर पाणी पिऊन तिथवर उतरवायचं. आठ, दहा, बारा, दोन. अकरा वाजत आले होते आणि पाणी आठच्या रेघेच्याही वर होतं.

नॉर्बर्ट किल्ली हातात घेऊन तिथेच उभा राहिला. तीन वर्षं दवाखान्याच्या बाकांवर बसून त्याला एवढं नक्की कळलं होतं की डॉक्टर पाणी कोणाचं तोडतात आणि कोणाला मोजून पाजतात.

"हे कधीपासून?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"कालपासून."

तो वळला. कोलेटचा हात पुन्हा कुशीवर गेला होता. त्याने तो पाहिल्याचं दिसताच तिने तो काढला आणि वल्ह्यावर ठेवला. उशीरच झाला होता.

चर्चचं दार उघडलं. माणसं बोलत, मुलांना हाका मारत तंबूकडे येऊ लागली. नॉर्बर्टने पेल्यातला बर्फ गवतात ओतला. मग ते भांडं दोन्ही हातांनी तिरकं करून पेला काठोकाठ भरला आणि तो घेऊन हंड्यापाशी आला. त्याच्या डाव्या हाताची, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर पेल्याच्या ओझ्याने उडत होती.

"भीती वाटली म्हणालीस ना?"

"हो."

"बरं. विचारलं तर सगळ्यांना तेच सांगू."

त्याने तिच्या हातातून वल्हं घेतलं आणि पेला तिच्या हातात दिला.

"पी."

तिने एक घोट घेतला. मळमळलं. ती थांबली, तर तो वल्हं फिरवत तिच्याकडे बघत होता, म्हणून तिने दुसरा घेतला. तिच्या प्रत्येक घोटाबरोबर त्याचाही गळा हलत होता, कोरडाच. पेला रिकामा झाला तेव्हा त्याने वल्हं वर उचललं, काठावर तीनदा आपटलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला ताट पुढे कर म्हणून सांगितलं.